मैना गेली त्या दिवशी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नवी वसाहत, विट्याजवळ, जि. सांगली
दि. १८ डिसेंबर १९९६

चि. क्रांतीस कृष्णातचा आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा थंडीने धरतो, एवढंच. कोरेगावात तुझे आईवडील खुशाल असतील. तुझ्या वडिलांचं पत्र मला दसऱ्याच्या आधीच मिळालं. उत्तर राहून गेलं. तू त्या उत्तरासाठी थांबली आहेस हे मला ठाऊक आहे. तेच लिहायला बसलो आहे. पण आधी घराचं सांगतो.

घर तीन खोल्यांचं झालं. वर पत्रा आहे. पूर्वेची खोली तुझी म्हणून गिलावा करून घेतली, चुनाही दिला. इथे सगळा सपाट माळ. मेढ्याकडच्या माणसाला डोंगर दिसला नाही की पाठीशी कुणी उभं नाही असं वाटतं. पूजा झाली की सवयीने पश्चिमेला बघतो, तिथे नुसतं आभाळ असतं. धरणाचं पाणी यंदा आपल्या खालच्या आळीत आलं म्हणतात.

कुत्री चारही आणली. सामानाच्या ट्रकमध्ये भांड्यांच्या आणि कणगीच्या मधे बसवून. शेजारचे तात्याबा पहिल्याच दिवशी कुंपणाशी आले आणि म्हणाले, "आवं पाव्हणं, ही समदी तुमचीच? नावं काय यांची?" मी सांगितलं, सुभेदार, हवालदार, शिपाई आणि ही मैना. तर म्हणाले, "म्हंजी पलटणच घिऊन आलासा की! आमच्या गावावर चाल करताय का काय?" लय हसले. नावं माझ्या मुलाने, जयराजने, ठेवली, तो फौजेत होता, असं मी सांगितलं. 'होता' हा शब्द त्यांच्या ध्यानात आला. मग हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताक पाठवलं.

कुत्री मात्र रमली नाहीत. इथली गावची कुत्री त्यांना ओढ्यापलीकडे जाऊ देत नाहीत. पहिल्याच आठवड्यात हवालदार आणि मैना पळाली. चौथ्या दिवशी कऱ्हाडच्या अलीकडे सापडली, पंजे सोललेले. जुन्या गावाकडेच निघाली होती. त्यानंतर मी विट्याच्या बाजारातून साखळ्या आणल्या. जन्मात कधी कुत्रं बांधलं नव्हतं, ती चारही खुंट्याला बांधली. पाण्यात जाऊन मरण्यापेक्षा बांधलेली बरी, अशी मनाची समजूत घातली.

परवा चंपाषष्ठी झाली. रीत तुला माहीतच आहे. भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी देवाला, मग कुत्र्याला, आणि कुत्र्याने तोंड लावल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. जयराज गेल्यानंतरच्या षष्ठीलाही तू ताट ठेवलंस आणि चौघं तुझ्या पायाशी बसून जेवली. परवा ताट मी ठेवलं. एकानेही बघितलं नाही. दुपार झाली, उन्हं कलली. सुभेदार ताटाकडे पाठ करून बसला. मी हात जोडले, चुचकारलं, शेवटी ओरडलोसुद्धा.

तुझ्या सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "देवाचं वाहन साखळीला बांधलंया, आन् म्हनं जेव. सोडा त्यांना."

"पळतील."

"पळाली तर पळाली. आन् त्या पोरीच्या बाबाला उत्तर कवा धाडनार?"

ते पत्र मी देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली ठेवलं होतं. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून कळणार नाही असं धरून चाललो होतो. "रोज टाक पुसतीया मी," म्हणाल्या, "खालचा कागद कुनाचा ते काय कळत न्हाई व्हय मला? दोन म्हयनं देवाला त्याच्यावर बशिवलाय तुमी."

क्रांती, तुझ्या वडिलांनी लिहिलं होतं की फलटणचे एक शिक्षक तुला मागणी घालतात, त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली. माणूस सालस आहे, तुझ्याही मनात आहे, पण "मामंजींनी हो म्हटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही" असं तू म्हणतेस. ते वाचून मला बरं वाटलं होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे. वाटलं, मी उत्तरच दिलं नाही तर ती राहील. आपल्या भावकीत असं कधी झालं नाही, हे मी निमित्त काढलं. तात्याबांना सांगितलं, सून संक्रांतीला येणार आहे.

आणि एक. जुनं घर सोडताना तू पाया पडायला वाकलीस तेव्हा मी पाय मागे घेतले. गाडी दरीत गेल्याची तार आली, तेव्हापासून दीड वर्ष तू आमच्याजवळ राहिलीस, आम्हा दोघांना घास भरवलास. तू चोवीस वर्षांची होतीस. आणि मी पाय मागे घेतले. जयराजच्या जागी तुला धरून बसलो होतो. त्याला हे आवडलं नसतं.

परवा साखळ्या काढल्या. सुभेदार उठला, अंग झाडलं आणि ताटाला तोंड लावलं. मग हवालदार, मग शिपाई. मैना तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेली, वास घेतला, आणि रस्त्याला लागली. वळून बघितलं नाही. मी शोधायला गेलो नाही. आज तिसरा दिवस. परवा दिवेलागणीला, कुत्र्यांच्या मागून, आम्हीही जेवलो.

तर माझा होकार आहे. वडिलांना हेच पत्र दाखव, वेगळं लिहीत नाही. मनात किंतु ठेवू नकोस, मागे वळून आमची काळजी करू नकोस.

लग्नाला मी येणार नाही. तेवढं बळ खंडोबाने मला दिलेलं नाही, रागावू नकोस. सासूबाई येतील. "माझ्या लेकीची वटी मीच भरनार," असं त्यांनी कालच सांगितलं, आणि लुगडं कुठलं घ्यायचं ते तात्याबांच्या बायकोला विचारत बसल्या आहेत.

तारीख कळवा. त्या दिवशी मुहूर्ताच्या वेळेला मी इथे देवापुढे उभा राहून अक्षता टाकीन.

अडीच महिने तुला ताटकळत ठेवणारा,
कृष्णात