भिंग थोरलीला, दिवे भावजींना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय लग्नाचे फोटो काढणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. स्टुडिओच्या वरच्या तीन खोल्या ह्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या माझ्या मुलाला, धाकट्याला, मिळाव्यात. त्याला फोटोंचा कंटाळा आहे आणि त्याला मी दोष देत नाही. सुटीच्या दिवशी त्याचे आईबाप नेहमी दुसऱ्यांच्या लग्नात असत. त्याने स्वतःचं लग्न फोटोग्राफर न बोलावता केलं. तेव्हा मी तक्रार केली नाही. आता करते.

कलम २. खालचा स्टुडिओ, दोन्ही कॅमेरे, पडदे आणि गिऱ्हाइकांचं सगळं देणंघेणं माझ्या मुलीला, थोरलीला. हा धंदा तीच चालवते आहे.

कलम ३. पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स, तीही थोरलीला. पण ती घरात कशी आली हे इथे लिहिणं भाग आहे, कारण तिच्यावरून रणकंदन झालं होतं.

त्या काळी फोटो हे काढत आणि मी आतल्या अंधाऱ्या खोलीत ते धुऊन काढत असे. दुकानदाराने आमच्यापुढे दोन वस्तू मांडल्या. एकीकडे मोठ्या दिव्यांचा जोड, स्टँड आणि छत्र्यांसकट. दुसरीकडे मुठीत मावेल एवढी ही लेन्स. तोंड असं उघडं की आत पाहिलं तर विहिरीत डोकावल्यासारखं वाटावं. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. माझे दीर बरोबर होते. ते म्हणाले, “दादा, दिवे घे. लग्नात लोकांना झगमगाट लागतो. या काचेचं काय लोणचं घालायचंय?”

हे माझ्याकडे वळले. “अगं, फोटो धुतेस तू. तू सांग.”

“दिव्यांनी चेहरे पांढरेफटक होतात,” मी म्हटलं. “डोळ्यांतलं काही कागदावर उतरतच नाही. लेन्स घ्या, तिला थोडा उजेडही पुरतो.”

लेन्स घेतली. भावजींनी ते दिवे हट्टाने स्वतः विकत घेतले आणि आमच्याकडे आणून ठेवले. “वहिनी, लागतील. बघाल तुम्ही.”

पुढच्याच लग्नाच्या तोंडावर ह्यांचं मनगट मोडलं. कॅमेरा मी उचलला. सोबतीला उंट. उंट म्हणजे आमच्याकडे दिवे धरणारा गृहस्थ. उंचीमुळे पडलेलं नाव, आणि आता तो स्वतःही तेच सांगतो.

नवरी दोन दिवसांत समुद्रापार जायची होती. तिचे वडील फार आजारी होते, त्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं. पुन्हा भेट होणं नाही, हे बापलेकीला ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हती. त्यांना एकत्र एक फोटो हवा होता, बस. दोन्हीकडची मंडळी मात्र सकाळीच मानपानावरून भांडून हॉलच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसली होती.

भरदुपारी आभाळ काळवंडलं. मी भावजींचे दिवे लावले आणि हॉलचा फ्यूज उडाला. सगळीकडे अंधार. नवऱ्याचे काका ओरडले, “बाईमाणसाला पाठवलं की हे असं होतं.”

मी लेन्स पूर्ण उघडली. खिडकीकडून नवरीच्या चेहऱ्यावर जेमतेम उजेड येत होता, पण वडिलांची बाजू काळीकुट्ट. खुर्ची वळवली तर त्यांना श्वास लागे. खिडकीचा उजेड त्यांच्यावर परतवायला उंटाने जेवणाच्या टेबलावरची पांढरी चादर ओढून आणली, पण एकटा धरणार किती? मी काकांना म्हटलं, “काका, हे टोक धरा जरा.” रागाच्या भरात असूनही त्यांनी ते धरलं. मग नवरीची मावशी दुसरी चादर घेऊन आली. मग आणखी कोणी. सकाळपासून एकमेकांशी न बोललेली माणसं एकाच कापडाची टोकं धरून उभी राहिली. मी म्हणत होते, “वर घ्या, थोडं आत या,” आणि ती निमूटपणे येत होती.

वडिलांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. आधी कपाळ, मग गाल, मग डोळे.

“या अंधारात निघेल का?” त्यांनी विचारलं.

“निघेल. श्वास तेवढा धरा.”

“धरण्याइतका आहे कुठे,” ते म्हणाले आणि हसले. ते हसले म्हणून नवरीला हसू फुटलं, डोळे तसेच भरलेले. मी बटण दाबलं.

ढगांतून गाळून उतरलेला तो उजेड खिडकीतून आत आला, परक्या माणसांनी धरलेल्या कापडांवर पडला आणि तिथून एका थकलेल्या गालावर जाऊन टेकला. तो किती लांबून आला असेल. मी फक्त त्याच्या वाटेत उभी होते.

भांडण मिटलं नाही. जेवताना पुन्हा जुंपली. वडील त्याच हिवाळ्यात गेले. नवरी परत आली ती स्वतःच्या मुलीचं लग्न ठरल्यावर, मला बोलवायला.

कलम ४. वरील दिवे, छत्र्या आणि स्टँड माझ्या दिरांना परत करावेत. तो फोटो आपल्या दिव्यांनी निघाला असं भावजी अजून सांगत फिरतात. एका अर्थी खरं आहे. ते दिवे नसते तर फ्यूज उडाला नसता.

कलम ५. थोरली हल्ली विचारते, “आई, नवा कॅमेरा कुठला घेऊ?” तिच्यासाठी सूचना. आधी लेन्स ठरव, मग तिला शोभेल तो कॅमेरा. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरवणारा घे. लग्न दुसऱ्यांदा लावता येत नाही. फ्लॅश छोटा चालेल, पण त्याचं तोंड छताकडे असू दे, आणि आधी छताचा रंग बघ. हिरव्या छताखाली नवरी आजारी दिसते. स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी ठेव, मांडवात पोरं धावतात. आणि काहीही विकत घेण्याआधी हॉलमध्ये जाऊन नुसती उभी राहा, उजेड कुठून येतो ते बघ.

कलम ६. दाराजवळच्या खोलीत उंटाला हयातभर राहू द्यावं. हिस्सेदाराला साक्षीदार होता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून त्याची सही खाली नाही. त्याला याचं वाईट वाटलं आहे. त्याला कोणी त्यावरून चिडवू नये.

कलम ७. माझे डोळे दान करावेत. वेळ घालवू नये, रडणं नंतर होईल. मी डॉक्टरांना विचारलं, “मी एवढं पाहिलंय, त्यातलं काही जातं का हो त्या माणसाकडे?” ते म्हणाले, “नाही आजी, पुढची पारदर्शक चकती तेवढी जाते. ती अगदी कोरी असते.” मला फार बरं वाटलं. ज्याला मिळतील त्याने डोळे उघडावेत आणि समोर जे कोणी असेल त्याच्याकडे पोटभर पाहावं.

वाचून, समजून, खिडकीपाशी बसून सही केली.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: माझे डोळ्यांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: समोरच्या दुकानातली शिंपीण (सही, चष्मा घरी विसरल्याने थोडी तिरकी)
ठिकाण: स्टुडिओची वरची खोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे ती