नझरशोवर भाळलेली परी

४ एप्रिल, पहाटे
घोड्याच्या आयाळीत आज पुन्हा वेण्या. बारीक, घट्ट, एकही केस सुटलेला नाही. आमच्या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल, हे परीचं काम. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्याच घोड्यावर ती फिरते. थोडक्यात, भाळली आहे. हे कुणाला सांगायचं नाही.

५ एप्रिल
चहाखान्यात सांगितलं. हसले. जळतात मेले.

९ एप्रिल
आईची भुणभुण. शेजारच्या सावसनकडे नान मोडून सोयरीक पक्की करायला कधी जायचं? सावसन मला आवडते. फार आवडते. पण परी महामत्सरी, सवतीचं तोंड वाकडं करते. तेव्हा थांबतोय ते सावसनच्याच भल्यासाठी. आईला म्हटलं, तुती पिकू देत.

१४ एप्रिल
परीला कांद्याचा वास खपत नाही. कांदा बंद. आज जागून तिला पाहायचंच.

१५ एप्रिल
झोप लागली. तिनेच लावली असणार.

१९ मे
जिवाला चैन नाही. तबेल्यामागच्या पाण्याच्या पाटावर सावसन भेटली. हसून म्हणाली, घोडा छान दिसतो हल्ली. म्हटलं, परी सजवते त्याला. ती बघतच राहिली. मग म्हणाली, आमच्याकडे ट्रकवाल्या कुर्बोनशोची माणसं मागणी घेऊन बसलीत, बाबांना काय सांगू? म्हटलं, माणूस उत्तम आहे. घागर तिथेच टाकून गेली. बायकांना भलती घाई.

२० मे
वेण्या नाहीत.

२३ मे
अजून नाहीत. रुसली. परीला खूश करायला तेलात रोट्या तळून तबेल्यात वास दिला. व्यर्थ.

१२ जून
सावसनचं नान मोडलं, सोयरीक पक्की. कुर्बोनशोशी.
आई कडाडली, अरे गाढवा, वेण्या तीच घालायची! पाणी भरायला यायची पहाटे. अख्ख्या गल्लीला ठाऊक.
मग मला का नाही सांगितलंस?
म्हणे, मला वाटलं, तू तिलाच लाडाने परी म्हणतोस.

३० जून
लग्न. नवरदेवासाठी गावातला देखणा घोडा हवा होता, म्हणून माझाच मागितला. नाही कसं म्हणणार? लगाम मीच धरला. नवरी बाहेर आली, तोंड झाकलेलं, तरी घोडा मला फरफटत तिच्यापाशी गेला आणि तिच्या खांद्यावर नाक घासू लागला. कुणीतरी म्हणालं, घोड्याला बरी ओळख पटली! सगळे हसले. मलाही हसावं लागलं.