कानाची पाळी

बाबा, परवा मी निवृत्त झाले. विद्यापीठाच्या संगीत विभागात क्लॅरिनेट शिकवण्यात अख्खी नोकरी गेली. निरोपाच्या कार्यक्रमात एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, तुमचे पहिले गुरू कोण?" गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरायची, ही आम्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची रीत. मी पाळी धरली. मनात तुम्हीच होतात, पण तोंडातून विभागातल्या थोरल्या सरांचं नाव आलं. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

धाड गावच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही कपभर पाण्यात क्लॅरिनेटची रीड, ती तोंडाशी लावायची वेताची पट्टी, भिजत घालायचात आणि आई न बघता त्यातच चहा ओतायची. लग्नसराई संपून तुमच्या बँडला काम नसलं की तिथेच, चुलीपुढे, माझा धडा. "गाल काऊन फुगवून राह्यली? दम पोटातून येऊ दे, पोरी," म्हणत तुम्ही गालावर टिचकी मारायचात, ती अजून लागते. लग्नात नवरी सासरी निघाली की तुम्ही तिच्याकडे पाठ करून वाजवायचात. का, ते मी एकदा विचारलं. "तिच्याकडं पाह्यलं तं फुंकच निघत नाही," म्हणालात. श्वास कसा आवरायचा ते मी तुमच्या त्या पाठीकडे बघून शिकले. पुस्तकांनी पुढे त्याला नावं तेवढी दिली.

नोकरीच्या मुलाखतीला तुम्हीच मला घेऊन आला होतात. मी वाद्य घेऊन आत गेले आणि तुम्ही वाद्याची रिकामी पेटी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसलात. वाजवून झाल्यावर विचारलं गेलं, "कुणाकडे शिकलात?" मी म्हणाले, "आमच्या भागातल्या एका वादकांकडे." कानाला हातही लावला नाही. दार उघडंच होतं.

परतीच्या एस.टी.त तुम्ही शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत होतात. "बरं केलं, माय. लग्नातल्या बँडवाल्याचं नाव घेतलं असतं तं त्यायनं तुले तिथूनच वापस पाठवलं असतं." पोरगी मोठी हुशार, असं घरी आईला सांगितलंत, मग बाजारात भेटेल त्याला. मी सांगू दिलं.

ती हुशारी नव्हती, बाबा. मला तुमची लाज वाटली होती. नोकरी पक्की झाली की खरं सांगू, असं म्हणत राहिले, तोवर तुम्ही गेलात. त्यानंतर तर मला कुणाची भीती नव्हती, तरी सांगितलं नाही.

आपल्या घरी कान धरायचा तो चूक कबूल करताना. आत्ता उजव्या हातात पेन आहे आणि डाव्याने कान धरलाय, दोन्हीसाठी. पण बघा ना, एवढं सगळं लिहिलं, त्यातही नुसतं 'बाबा'च लिहिलं. तुमचं नाव अजून लिहिलेलं नाही.