टीम माझ्या भरवशावर

शनिवार, २८ मार्च
हरलो. शून्य-दोन. घरच्या मैदानावर, आणि तेही तळाच्या टीमकडून. आता तळाला आपण.

दोष सरळसरळ गोलकीपरचा. मी त्याला साबण म्हणतो. बॉल हातात येतो, सगळ्यांना दिसतो आणि निसटतो. पहाडच्या काळात असं नव्हतं. पहाड म्हणजे आपला जुना गोलकीपर. तो गोलमध्ये उभा राहिला की समोरच्या फॉरवर्डला गोल कुठून सुरू होतो ते विचारावं लागायचं. आता पहाड कुठेतरी खेळाच्या सामानाचं दुकान चालवतो आणि आम्ही साबण बघतो.

निश्चय: टीमबद्दल यापुढे एक अक्षर बोलणार नाही. कानाला खडा. डॉक्टरांनीही ब्लडप्रेशरमुळे तेच सुचवलंय.

रविवार, २९ मार्च
मेहुणा जेवायला आला. बायकोचा सख्खा भाऊ असून पिवळ्यांच्या बाजूचा. पिवळे लीगमध्ये पहिले. तो टीमबद्दल काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हळहळला. जखमेवर मीठ चोळायचीही एक पद्धत असते.

मग मलाच बोलावं लागलं. जेवणापासून चहापर्यंत बोललो. निश्चय मोडला असं म्हणता येणार नाही, कारण सुरुवात त्याच्या चेहऱ्याने केली.

मध्येच बायकोने सांगितलं की लेकीच्या शाळेची टीम मात्र काल जिंकली. मी छान म्हटलं. ती लेफ्ट बॅकला कशी खेळली, असंही आवर्जून विचारलं. त्यावर मेहुण्याने खाली मान घालून सांगितलं की ती गेल्या वर्षीपासून गोलकीपर आहे. मला माहीत होतं. बोलण्याच्या ओघात राहिलं.

मंगळवार, ३१ मार्च
दुकानात कटकट. मी रंगाच्या दुकानात शेड मिक्स करतो. माझ्यासारखा हात गावात नाही, हे मालकही मान्य करतात, म्हणजे पूर्वी करायचे. मागच्या आठवड्यात एका जोडप्याला स्वयंपाकघरासाठी लिंबू रंग हवा होता. मी त्यांना समजावलं की पिवळा रंग उतरतो, मळतो, घरात वादावादी वाढवतो. आणि आपल्या टीमचा मरून दिला. आज दोघं परत आले. बाई म्हणाल्या की स्वयंपाकघरात शिरलं की खाटकाकडे आल्यासारखं वाटतं.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. पिवळ्या रंगाचा खप एवढा का पडलाय, असं विचारलं. मी बाजारातल्या मंदीबद्दल सांगितलं. त्यांचं म्हणणं, मंदी एकाच रंगाला कशी येते. सज्जन माणूस, पण खेळातलं कळत नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल
कोचला ई-मेल पाठवला. दर शुक्रवारी पाठवतो. उद्या कोणते अकरा जण उतरवायचे, साबणाला का बसवायचं, कॉर्नर कुणी घ्यायचा, सगळं मुद्देसूद. लगेच उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. दर वेळी हेच आणि लगेच येतं. म्हणजे तिकडे वाट बघत असणार.

शनिवार, ४ एप्रिल
बरोबरी. एक-एक. कोचने माझ्या अकरांपैकी दोघं घेतले आणि साबण तसाच ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी बायकोने विचारलं की एखादी तरी मॅच लेकीची बघशील का. तिच्याही मॅच शनिवारी चारलाच असतात. शाळेला वेळापत्रक नीट आखता येत नाही, त्याला मी काय करणार? मी शांतपणे समजावलं. घरच्या मैदानावर मी माझ्या सीटवर नसलो की टीम हरते. हा अहंकार नाही, अनुभव आहे. लेक जन्मली त्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये होतो आणि टीम पाच गोलांनी हरली. याबद्दल मी पोरीला कधी बोललेलो नाही. म्हणजे वाढदिवसाला सोडून.

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. तिने माझ्याकडे नस सापडत नसल्यासारखं बघितलं आणि आत गेली.

बुधवार, ८ एप्रिल
आज मात्र आनंद झाला. लेक आपणहून माझ्याजवळ आली. पेनल्टीच्या वेळी गोलकीपरने कुठल्या बाजूला झेप घ्यायची, असं विचारलं. मी टीव्ही बंद केला. यावरून विषयाचं गांभीर्य कळावं.

तिला पहाडचं सगळं शास्त्र सांगितलं. आधी झेप घ्यायचीच नाही. घाबरतो तो आधी पडतो. बॉलकडे नाही, मारणाऱ्याच्या कमरेकडे बघायचं. सोफ्यापुढे उभं राहून करून दाखवलं. पडद्याचा रॉड निखळला. नंतर पहाडच्या अकरा आठवणी सांगितल्या. त्यातली सातवी चालू असताना तिने विचारलं की बाबा, शनिवारी येऊन बघाल का मी कशी उभी राहते ते. मी म्हटलं, या शनिवारी टीम बाहेरगावी खेळतेय, म्हणजे मी मोकळा, नक्की येतो.

शनिवार, ११ एप्रिल
जिंकलो. एक-शून्य. बाहेरगावी जाऊन. बुलडोझरने डोक्याने मारला. बुलडोझर आपला सेंटर फॉरवर्ड, पळत नाही, पण आडवा आला की काढता येत नाही.

लेकीच्या मॅचला निघालोच होतो. बूटही घातले होते. जाता जाता पाच मिनिटं टीव्ही लावला आणि तेवढ्यात गोल झाला. आता मी उठलो आणि बरोबरी झाली तर? जबाबदारी कुणाची? म्हणून बूट घालूनच पूर्ण मॅच बघितली. लेकीला नंतर नीट समजावलं. ती हो म्हणाली. पोरगी समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

शनिवार, २५ एप्रिल
हरलो. याच्यावर लिहिणार नाही.

लिहितो. साबणाच्या दोन पायांमधून गेला. ते पाय नेमके कधी फाकणार हे बॉलला जसं काही आधीच कळलं होतं. आता शेवटची मॅच जिंकलो तर वाचलो, नाहीतर पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये. बत्तीस वर्षांत हे झालेलं नाही. माझे वडील असते तर. बरं झालं नाहीत.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. मी उचलला नाही, कारण मला त्याची सहानुभूती नको होती. मग त्याने बायकोला केला. तो लेकीची सेमीफायनल बघायला गेला होता. शेवटच्या मिनिटाला समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली आणि आमची लेक हललीच नाही. बॉल येईपर्यंत उभी राहिली आणि अडवला. टीम फायनलमध्ये. मेहुणा प्रत्येक मॅचला जातो, हे आज कळलं. पिवळ्यांच्या माणसाने माझ्या घरच्या पोरीसाठी टाळ्या पिटायच्या, याचा मला राग आला. शिकवलं मी आणि बघितलं त्याने.

पण अभिमान वाटला, हेही खरं. ते शास्त्र माझंच.

रविवार, ३ मे
तारखा लागल्या. टीमची शेवटची मॅच शनिवारी, १६ मे, चार वाजता, घरच्या मैदानावर. लेकीची फायनलही त्याच दिवशी, चार वाजता. दुष्काळात तेरावा महिना.

लेकीने फायनलचं पत्रक फ्रिजवर लावलं आहे. मला या म्हणाली नाही. बायकोला म्हणाली, मेहुण्याला म्हणाली. मी समोर बसून पेपर वाचत होतो. म्हणजे धरून होतो. मोठी झाली पोरगी, बापाची अडचण न सांगता ओळखते.

दिवसभर करमत नाहीये. कारण अर्थात टीम.

सोमवार, ११ मे
दुकानात मालकांनी पिवळ्याचे डबे समोरच्या फळीवर लावून घेतले आणि माझ्यावर नजर ठेवायला स्वतः बाहेर बसले. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे गच्चीसाठी रंग मागितला. मी काहीच सल्ला दिला नाही. नेमकं काय चाललंय म्हणून मालकांनीच विचारलं. मी म्हटलं, शनिवारची काळजी. त्यांची मुलगीही लेकीच्याच शाळेत, त्यांना वाटलं फायनलची. खांद्यावर हात ठेवून म्हणाले की जा, अर्धा दिवस सुट्टी घे, अशी मॅच पुन्हा येत नाही. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पण घरी येईपर्यंत तो हात खांद्यावर असल्यासारखा वाटत राहिला.

शुक्रवार, १५ मे
ठरलं. लेकीच्या फायनलला जाणार. आपली सीट मी रिकामी सोडणार. इतिहासात याची नोंद व्हायला हवी.

जेवताना जाहीर केलं. बायकोचा घास हातात राहिला. लेकीने खरंच का म्हणून विचारलं, आणि मग हसली. तिचं ते हसणं मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं. अट एकच, बायकोची. मोबाइलवर मॅच बघायची नाही. मी लगेच शब्द दिला. बघणार नाहीच. ऐकायला बंदी कुणी घातलेली नाही. एक बारीक इयरफोन कानात घालायचा, वर कापूस लावायचा आणि कान दुखतोय म्हणायचं. टीमही सांभाळली आणि पोरही. असा तोल फार कमी लोकांना साधतो.

शनिवार, १६ मे, संध्याकाळ
क्रमाने लिहितो. म्हणजे मलाही कळेल.

मैदानाच्या कडेला लोखंडी बाकं होती. मी बसलो नाही, लेकीच्या गोलमागे जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. जवळून दिसावं म्हणून. बायकोने कानातला कापूस बघितला. ती रोज कापूस हाताळते. 

खरं सांगायचं तर पहिला हाफ मी बॉलपेक्षा लेकीकडेच बघत होतो. पोरगी काय उभी राहते. हलत नाही, आरडाओरड करत नाही, दोन बोटांनी बॅक्सना जागा दाखवते आणि त्या ऐकतात. एक बॉल तर तिने वरच्या कोपऱ्यातून काढला. असा हात मी पहाडचाही पाहिलेला नाही. हे वाक्य मी आयुष्यात लिहीन असं वाटलं नव्हतं. कानातला माणूस बोलत होता, पण त्याच्याकडे लक्षच नव्हतं. हाफटाइमला तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि ग्लव्ह वर केला. मीही हात केला. 

दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या, तसा मीही तिच्यामागोमाग पलीकडच्या जाळीपाशी गेलो. तिथे कानातल्या माणसाचा आवाज चढला. दोन्हीकडे शून्य-शून्य. दोन्हीकडे शेवटची मिनिटं. आमच्याकडे कॉर्नर, तो म्हणाला, बुलडोझर पुढे आलाय. मी जाळी धरली आणि डोळे मिटले. फक्त क्षणभर मिटले. बॉल आला, बुलडोझर उडाला, आणि गोल.

मी दोन्ही हात वर करून उडी मारली आणि गोल म्हणून ओरडलो. पुन्हा ओरडलो. डोळे उघडले तेव्हा बॉल माझ्या पुढ्यात जाळीत पडला होता आणि लेक जमिनीवर होती. तिने बॉलकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मैदानाच्या या बाजूला ओरडणारा मी एकटाच नव्हतो, हे वाईट झालं. समोरच्या टीमचे एक वडील धावत आले, मला मिठी मारली आणि आपली कुठली, असं विचारलं. मी गोलकीपरकडे बोट दाखवलं. त्यांनी मिठी हळूहळू सोडली.

तेवढ्यात कानातला माणूस म्हणाला की रेफ्रीने गोल रद्द केला आहे. ऑफसाइड. मग शिट्टी वाजली. आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. इकडेही शिट्टी वाजली.

गाडीने घरी निघालो. मेहुणा पुढे बसला होता. पिवळे आज चॅम्पियन झाले, तरी तो एक शब्द बोलला नाही. त्याच्याबद्दल मी पूर्वी जे लिहिलंय त्यात थोडी घाई झाली.

रविवार, १७ मे
सकाळी लेकीला शांतपणे सगळं समजावलं. इयरफोन दाखवला. तो आनंद तिच्यावर झालेल्या गोलचा नव्हताच, दोन गोल एकाच क्षणी झाले, हा निव्वळ योगायोग, यात कुणाचाच दोष नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की तुमचा तो गोल धरला का. मी म्हटलं, नाही, ऑफसाइड. तर म्हणाली, म्हणजे तुम्ही नाचलात त्या वेळच्या दोन गोलांतला माझ्यावर झालेला तेवढाच खरा.

यावर मी पुढच्या सीझनचा निश्चय सांगून टाकला. सीट सोडून देतो, इयरफोन फेकून देतो, तुझी एकही मॅच चुकवणार नाही.

ती म्हणाली, नको बाबा. तेही रागावून नाही. रागावून म्हणाली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.