म्हशीच्या तोंडात हात

भाऊ आनंदराव,

भंडाऱ्याहून तुझ्या बहिनीचा, विमलाबाईचा साऱ्याइले जयभीम. कालपासून तुझा फोन लागून नाही राहिला, म्हणून मी सांगतो अन् माही नातीन रीना लिहिते.

नातीन जनावरांच्या इलाजाचा डिप्लोमा शिकून राहिली. बैलाचा ताप कुठून पाहतात हे शिकली, तवापासून मी तिच्याकडे पाठ करत नाही.

म्हैस लाळ गाळते, गळ्यात काही अडकलं म्हणून तू तोंडात हात घातला, हे तू परवा फोनवर बोलला ते तिनं कॉलेजच्या सरले सांगितलं. सर म्हणे, "म्हशीले कुत्रा चावला होता काय?"

चावला होता. तूच तिच्या जखमेत तिखट भरलं होतं.

म्हैस पिसाळली असंन, रे. दूध कोणी पिऊ नका. चिठ्ठी आणणाऱ्या गाडीनंच सुई घ्याले ये, म्हैस दोहणाऱ्या भावजयलेही आण. भेशील तर मी धरीन.

धान कापताना विळा लागला होता, तो हात नव्हता नं घातला?

तुझी बाई