तिचे आले, माझे नाही

७ जानेवारी

फसले. मी! समोरच्या वत्सलाबाईही फसल्या – त्याच दिवशी, त्याच वीजबिलाच्या फोनला. पण त्यांना हिंदीत फसवलं, मला इंग्रजीत. 'मे आय' म्हणाला मेला, 'कॅन आय' नाही! कॉन्व्हेंटात त्या एका शब्दापायी मी सिस्टरांची पट्टी खाल्लेली. इतकं शुद्ध बोलणारा माणूस चोर कसा असेल? ओटीपी सांगून बसले. पासष्ट हजार गेले. दात बसवायला ठेवले होते.

८ जानेवारी

नंदुरबारला सायबर शाखेत तक्रार दिली. इंग्रजीत, दोन पानं, एकही चूक नाही. वत्सलाबाईंची त्यांच्या भरतने खरडली – तीन ओळी, त्यात 'वीज'सुद्धा ऱ्हस्व! हवालदार जालमसिंगांनी दोन्ही कागद एकाच फायलीत खुपसले.

स्टँडवर भरतने आईचा चहा बशीत ओतून, फुंकून दिला. घोड्याएवढा मुलगा! माझ्या नवनीतचा पुण्याहून फोन आला. "आई, तू तरी!" बस, एवढंच. मीटिंग होती.

२९ जानेवारी

काही नाही.

१२ फेब्रुवारी

वत्सलाबाई पेढे घेऊन दारात. "ताई, मन्हा पैसा वापस उनात! पुरा!" चाळीस हजार. बँकेचा मेसेज भरतने वाचून दाखवला म्हणे – बाईंना वाचता येत नाही. वर माझ्या पाठीवरून हात फिरवत, "तुमना बी येतीन, माय. रडू नका."

मी रडत नव्हते!

पेढा खाल्ला. खवा कच्चा होता.

१६ फेब्रुवारी

समोर दोरीवर नवी साडी वाळतेय. जांभळी. मुद्दाम माझ्या खिडकीसमोर!

भरत सकाळी एसटीसाठी पळताना दिसला. मोटरसायकल बिघडली म्हणाला. आईला साडी आणि गाडी दुरुस्तीला पैसे नाहीत. छान!

तीन ओळींना पैसे आणि दोन पानांना ठेंगा? उद्या नंदुरबारला जाऊन लेखी उत्तर मागणार. वत्सलाबाईंना तोंडावर सांगून आले – "तुमचेच कसे आले, ते विचारूनच येते."

१७ फेब्रुवारी

जालमसिंगांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "मॅडम, त्यांचेही नाही आले. एक रुपयासुद्धा."

परतीच्या बसमध्ये भरत भेटला. विचारलं. "गाडी इकी टाकी, मावशी. माय जेवेच ना. तिले सांगू नका." मोटरसायकल बिघडली नव्हती, विकली होती.

वत्सलाबाई ओट्यावर वाट बघत होत्या. "काय सांगं पोलिसनी, ताई? मन्हाच काबर उनात? तुमना काबर नही?"

"तुमचा अर्ज माझ्यापेक्षा चांगला लिहिलेला होता," म्हणाले.