मिहरानच्या नावावर गेलेली धून

मी, वाघिनाक होव्सेप झामकोच्यान, वय साठ, सॅक्सोफोनवादक, राहणार येरेवान, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. फुफ्फुसं गेली आहेत. डोकं शाबूत आहे, आणि दुर्दैवाने स्मरणशक्तीही.

१. घर सरकारचं आहे, ते सरकार नेईलच. आतला गालिचा आणि आईने सीरियातल्या अलेप्पोहून आणलेलं कॉफीचं भांडं माझी बहीण न्वार्द हिला द्यावं. परदेशात वाढलेले आम्ही आर्मेनियन मायदेशी म्हणून इथे आलो, तर इथल्यांनी आम्हाला 'अखपार' म्हणायला सुरुवात केली. अर्थ भाऊ, पण म्हणत शिवीसारखं. न्वार्दने ते हसून सोसलं. मला जमलं नाही.

२. आमच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख मिहरान याला काहीही देऊ नये. आई द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळताना जे गुणगुणायची, त्यावरून मी एक धून बांधली. रेडिओवर जायच्या आधी मिहरान म्हणाला, "अखपारचं नाव बघून ते घेणार नाहीत रे. माझं लावतो. आपल्यात काय वेगळं आहे?" धून गाजली. पदक त्याला मिळालं. पुढे म्हातारपणी, सरकारचा धाक सैलावला तेव्हा मी म्हटलं, "आता तरी खरं सांग." तर म्हणाला, "आता सांगून काय? लोक म्हणतील, म्हातारा चळला." कोणता म्हातारा, ते त्याने सांगितलं नाही.

३. सॅक्सोफोन ग्युमरीच्या आर्तुशला द्यावा. तो लग्नांत वाजवतो, पितो, कधी बेसूरही होतो. पण वाजवण्याआधी धून कोणाची ते विचारतो. परवा मिहरान येऊन म्हणाला, "संग्रहालयाला दे ना, माझ्या फोटोखाली छान दिसेल." त्याला मी चहाही विचारला नाही.

४. दफनाच्या वेळी मिहरानला भाषण करू देऊ नये. रडायचं असेल तर रडू द्यावं. त्यात तो तरबेज आहे.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

साक्षीदार:

१) शुशान तेर्झ्यान, शेजारीण.

२) सेरोब काल्फायान, ऑर्केस्ट्रातला ड्रमवादक. मी ती धून पहिल्यांदा वाजवली तेव्हा हा खोलीत होता. रेडिओवाल्यांनी कोणाची म्हणून विचारलं, तेव्हाही होता. छताकडे बघत बसला. आज पेन हातात घेऊन म्हणाला, "वाघिनाक, साक्षीदाराला आतलं खरं आहे असं म्हणावं लागत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही. मी सही केली, एवढंच तू पाहिलंस."

मग त्याने सही केली.

येरेवान, १२ ऑक्टोबर १९८६
वा. हो. झामकोच्यान